ओल्या पंच्यातले क्रोसाँ

क्रोसाँ चहात बुडवून खाणाऱ्या माणसाशी मी वाद घालत नाही, पण त्याच्याकडे बघतही नाही. दुकानात माझं एक स्टूल ठरलेलं आहे, खिडकीजवळचं. तिथून रस्ताही दिसतो आणि ओव्हनही. रविवारी सकाळी साडेआठला मी तिथे जाऊन बसतो, बशीत एक क्रोसाँ घेतो आणि आधी तो नुसता बघतो. रंग सगळीकडे सारखा हवा, टोकं थोडी जास्त भाजलेली हवीत. मग दोन्ही हातांनी मधोमध तोडायचा. तुटताना आवाज यायला पाहिजे आणि आत जाळी दिसायला पाहिजे. पापुद्रे शर्टावर पडतात, ते पडू द्यायचे. शेवटी बोट ओलं करून टिपून घ्यायचे. चहा त्यानंतर, वेगळा. खारी मी जन्मभर चहात बुडवूनच खाल्ली, त्यात काही गैर नाही. पण हे माझ्या बायकोने पहाटे चारला उठून केलेलं असतं, आणि त्याचा चहात लगदा करणाऱ्याला मी शेजारचं स्टूल देत नाही.

हो, दुकान बायकोचं आहे. कर्जतहून खोपोलीकडे येताना खालापूर तालुक्यात शिरलं की आमच्या गावाच्या फाट्यावर तीन गाळे लागतात. एकात पंक्चरवाला, एकात खतं-बियाणं, आणि मधल्यात ती. वर बोर्ड आहे, 'फ्रेंच बेकरी'. अक्षरं मी रंगवलेली आहेत, निळ्या ऑइलपेंटने. साजगावच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं फिटर होतो, त्यामुळे माझी रेघ सरळ येते. अक्षरं सारख्या उंचीची आहेत की नाहीत अशी कुणाला शंका असेल तर त्याने पट्टी घेऊन यावं.

बोर्ड लागला त्या दिवशी गावाला चांगला विषय मिळाला. सगळ्यांत आधी आला माझा थोरला भाऊ. खांद्यावर टॉवेल टाकून तो बोर्डाखाली उभा राहिला, एकेक अक्षर लावल्यासारखं मोठ्याने वाचलं आणि पंक्चरवाल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "काय रं, ह्ये फ्रान्स कंच्या तालुक्यात हाय?"

पंक्चरवाला हातातली ट्यूब सोडून हसला. खतवाल्याकडे आलेली दोन माणसं हसली. माझं डोकं फिरलं. मी भावाला म्हटलं, खायचं असेल तर खा, नाहीतर शेतावर जा. तो गेला नाही, दोन क्रोसाँ खाऊन गेला. पण तो प्रश्न त्याला फार आवडला. पुढची तीन-चार वर्षं कुणाचं लग्न असो, बारसं असो, पाच माणसं जमली की तो मला विचारायचा, "काय रं, सापडला का तालुका?" आणि मी दर वेळी चिडायचो. न चिडणं मला जमत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

बायको मात्र चिडली नाही. त्याच दिवशी दुकान बंद करताना ती म्हणाली, "भाऊजी काय चुकीचं नाय बोलत. मी कुटं फ्रान्स बगितलंय? फ्रान्स बगितलेलं एकच मानूस मला ठाव हाय. मॅडम कदी आल्या, त्यांनी खाल्लं आनि हाँ बोलल्या, तर बोर्ड र्‍हाईल. नाय बोलल्या तर तुमी फ्रेंच पुसून टाका. नुस्तं बेकरी र्‍हाऊ द्या."

मी म्हटलं, "अगं, त्या कशाला येतायत इतक्या लांबून?"

"नाय आल्या तर नाय. पन आल्या तर असंच."

ती बोलली की तो विषय संपतो. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला. पावसाने बोर्डाचा रंग उतरत गेला, 'फ्रेंच'मधला 'फ्रें' तर पार फिका पडला. नवा रंग आणून मी माळ्यावर ठेवला होता. दर उन्हाळ्यात विचारायचो, बोर्डाला हात मारू का? ती म्हणायची, "थांबा. आदी मॅडमना येऊ द्या."

मॅडम म्हणजे खऱ्याच फ्रान्सच्या. त्यांचा नवरा रसायनीच्या बाजूला एका कारखान्यात मोठा इंजिनीअर म्हणून आला होता. बाकीची साहेबमंडळी मोहोपाड्याच्या कॉलनीत राहायची. ह्या बाईंना झाडं हवी होती, म्हणून त्यांनी आमच्या गावामागचा एक बंगला घेतला. माझी बायको तिथे स्वयंपाकाला लागली. चार वर्षं होती. मॅडमना मोडकंतोडकं हिंदी यायचं आणि माझ्या बायकोचं हिंदीही तसंच, त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं.

पावाबिवाचं काम मॅडम स्वतः करायच्या. बायको पहिल्यांदा बघून आली ते ओट्यावर बसत म्हणाली, "आज मॅडमनी चिरोटेच केले बगा. पन साटा लावला नाय. लोन्याचा अख्खा ठोकळा पिठात गुंडाळला, लाटला, घडी घातली, परत लाटला." तिच्या हाताला ते लगेच समजलं होतं. दिवाळीला पोळीला तूप-तांदूळपिठीचा साटा लावून, गुंडाळी करून, कापून, पापुद्रे सुटतील असे चिरोटे ती लग्न होऊन आली तेव्हापासून करते. तिच्या हाताला एकच गोष्ट माहीत नव्हती, ती म्हणजे थंडी. चिरोट्यातलं तूप काही रुसत नाही. हे लोणी जरा गरम झालं की पिठात शिरतं, आणि मग पापुद्रा म्हणून काही राहत नाही. मॅडम सारख्या म्हणायच्या, "ठंडा, ठंडा. मक्खन को गुस्सा आएगा."

आणि मे महिन्यात आमच्याकडे कुणाला राग येत नाही? बायकोने स्वतः लाटलेले पहिले क्रोसाँ मेमधलेच होते. लोणी वितळून बाहेर आलं आणि ते बिचारे त्यातच तळले गेले. मॅडमनी एक उघडला, आत बघितलं, "नहीं" म्हटलं आणि सगळे कचऱ्यात टाकले. बायको घरी येऊन जेवली नाही. मला त्या बाईचा असा राग आला होता की मी दुसऱ्या दिवशी बंगल्यावर जाऊन भांडणार होतो. बायको म्हणाली, "तुमी मधी पडू नका. खराब व्हतं म्हनून टाकलं. तुमी कारखान्यात खराब पार्ट ठेवून घेता का?"

चार वर्षांत मॅडम तिला तीन वेळा 'हाँ' म्हणाल्या. तीनच वेळा. त्या तिन्ही दिवशी कुठला वार होता, घरात भाजी कसली होती, हे बायकोला अजून पाठ आहे. बाकी सगळे दिवस 'नहीं', नाहीतर नुसतं मान हलवून 'कल'. फ्रान्सला परत जाताना त्यांनी आपला ओव्हन हिला दिला. गावात टेंपो आला तेव्हा लोकांना वाटलं आम्ही मोठा टीव्ही घेतला.

मी निवृत्त झालो आणि तिने गाळा मागितला. तिने जन्मात पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी गाळा लावून दिला, शहाबादी फरशीचा एक मोठा तुकडा घासून गुळगुळीत केला, फ्रीजरमध्ये बसेल असा कापून दिला. त्यावर ती लाटते, त्यामुळे पीठ गार राहतं. एकदा मी माझं जाडी मोजायचं व्हर्निअर घेऊन तिची लाटलेली पट्टी मोजली होती. चार ठिकाणी मोजली. चारही ठिकाणी माप एकच. ना पट्टी, ना टेप, नुसतं हाताने. कारखान्यात आमच्या शॉपमध्ये असा हात असता तर मी त्याला सलाम ठोकला असता. तिला मी एवढंच म्हटलं, "बरं आहे." आता वाटतं, तेव्हाच जास्त बोलायला हवं होतं.

दुकान हळूहळू चाललं. शनिवार-रविवारी फार्महाऊसवाले येतात, ते इंग्रजीत मागतात. एरवी शिळफाट्याचे रिक्षावाले, शाळेतल्या बाई, कॉलनीतल्या बायका. कुणी चंद्रकोर मागतं, कुणी वाकडी खारी, बायको काही न बोलता क्रोसाँ देते. मनुके घातलेले गुंडाळी-पाव असतात, चॉकलेटचे असतात. मे महिन्यात वाडीवरच्या आदिवासी बायका डोंगरातून करवंदं घेऊन बाजाराला निघाल्या की पहिला थांबा हिच्या दारात. ती करवंदं पिठाच्या छोट्या वाट्यांत भरून बायको भाजते, खाली कुरकुरीत आणि वर आंबटगोड. एकदा करवंदवालीने अख्खी वाटी तिथेच उभं राहून खाल्ली आणि मला म्हणाली, "आमचीच करवंदं, पन आमाला वळखू नाय आली." मी हे वाक्य आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. बायकोला ते आवडत नाही, तरी सांगतो.

आणि मग एका मे महिन्यात मॅडमचा फोन आला. मुंबईला आठ-दहा दिवस येतेय, शनिवारी अकराला तुझ्याकडे येते.

बायकोने फोन ठेवला आणि पदराने हात पुसत राहिली. हात कोरडेच होते. मी म्हटलं, "एवढं काय, खाऊन जातील." ती म्हणाली, "तुमाला म्हाईत नाय? बोर्ड." मग मला उमगलं. गावालाही कळलं, कारण मॅडम येणार ही बातमी आणि बोर्डाची अट, दोन्ही मीच सांगितली, अभिमानाने. थोरल्या भावाने जाहीर केलं की शनिवारी अकराला तो निकाल ऐकायला येणार.

त्या शनिवारसाठी तिने बाकीचं सगळं बंद ठेवलं आणि गुरुवारी तेवढंच पीठ भिजवलं. क्रोसाँचं असंच असतं. आज भिजवलं की उद्या लाटायचं, परवा भाजायचं. मध्ये घाई चालत नाही. शुक्रवारी ती पहाटे तीनला उठली, कारण चारलाही तिला गरम वाटत होतं. लाटलं, घडी घातली, फ्रीजरमध्ये ठेवलं, परत काढलं. मी पंखा बंद करून दारात बसलो होतो, कुणी आत येऊन ऊब आणू नये म्हणून. शनिवारी सकाळी ओव्हनच्या काचेतून मी बघितलं, एकेक क्रोसाँ असा फुगून वर येत होता की मला चष्मा पुसावा लागला. बारा होते. तिने ते बाहेर काढले, एक तोडला, आत बघितलं आणि माझ्यासमोर धरला. जाळी अशी की पलीकडचा उजेड दिसावा. इतका सुंदर क्रोसाँ तिने त्याआधी केला नव्हता. हे मी नवरा म्हणून सांगत नाही, फिटर म्हणून सांगतो.

साडेनऊ वाजले होते. ती म्हणाली, "मी घरी जाऊन आंगोळ करून येते, चांगलं लुगडं नेसते. थोडे निवले की टोपलीत काढून ठेवा. मग हात लावू नका."

आता पुढचं नीट ऐका, कारण चूक माझी आहे आणि मी ती लपवणार नाही.

तेव्हा रस्त्याचं काम चालू होतं. डंपर गेला की धुळीचा लोट थेट गाळ्यात यायचा. दोन डंपर गेले. माझ्या जिवाला घोर लागला, हिच्या अकरा क्रोसाँवर धूळ बसणार. मी स्वच्छ धुतलेला नवा पंचा घेतला, पाण्यात भिजवला, घट्ट पिळला. टोपलीत पसरला. त्यात ते क्रोसाँ, अजून चांगले गरम होते, एकेक करून जपून रचले. पंच्याची चारही टोकं वरून घातली, आणि वर परात झाकली. तांदळाची भाकरी अशीच ठेवतात. आमच्याकडे कुठल्याही घरात जा. भाकरीला वारा लागला की ती वाळून ताठ होते, म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून झाकायची. माझ्या आईने असंच केलं, बायको रोज असंच करते, मी जन्मभर डब्यातून तीच मऊ भाकरी खाल्ली. झाकून झाल्यावर मी हात झटकले आणि स्वतःवर खूश होऊन स्टुलावर बसलो.

दहा वाजता ती आली. मोरपंखी साडी, केसांत अबोली. टोपलीवरची परात बघितली आणि दारातच थांबली.

"काय केलंत?"

"धूळ येत होती, झाकले."

तिने परात उचलली. पंचा उघडला. आतून वाफ आली. वरचा क्रोसाँ तिने दोन बोटांनी उचलला, तर तो मधोमध वाकला. उकडलेल्या अळूच्या पानासारखा लोंबला. खालचे तर एकमेकांना चिकटून बसले होते.

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती नुसती उभी राहिली, हातात तो लोंबणारा क्रोसाँ घेऊन. मला वाटलं आता रडेल. मी तोंड उघडलं आणि काय बोलावं, तर म्हटलं, "मला कुणी सांगितलं नव्हतं." एकतीस वर्षं नवीन पोरांनी माझ्यासमोर हेच वाक्य म्हटलं की मी त्यांना फैलावर घ्यायचो. मला माझीच अशी लाज वाटली की मी बाहेर जाऊन बोर्डाखाली उभा राहिलो. मान वर करून बोर्ड बघायची हिंमत झाली नाही.

मग आत आलो आणि म्हटलं, "मॅडमना फोन करू. उद्या या म्हणू."

"उद्यासाठी पीठ हाय का? दोन दिस लागतात."

"परत भाजले तर?"

तिने एक भाजून बघितला. वरून कडक झाला, आत मात्र गिच्च. तिने तो उघडून बघितला आणि अगदी मॅडमसारखी म्हणाली, "नहीं." मग घड्याळ बघितलं. सव्वादहा. पदर खोचला आणि मला विचारलं, "गावातल्या किराणावाल्याकडं बदाम असतील का?"

"कशाला?"

"मॅडम सोमवारी रयवारचे उरलेले क्रोसाँ असेच मऊ करायच्या. मुद्दाम. पाकात बुडवून, आत बदामाचं सारन भरून परत भाजायच्या. शिळ्याचं करायच्या. हे शिळे नाय, पन मऊ तर झालेच हायत. जा, पळा."

मी पळालो. साठी उलटल्यावर मी असा पळालेला गावाने पहिल्यांदा बघितला असेल. किराणावाल्याकडे बदाम नव्हते. शेंगदाणे होते आणि काजूतुकडा होता. मी काजूतुकडा आणला आणि घाबरत तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "आनखी बरं." काजू दळला. साखर, लोणी, अंडं घातलं. मग क्षणभर थांबली, करंजीच्या सारणात घालते तसं थोडं जायफळ किसून घातलं. मॅडमनी हे शिकवलेलं नव्हतं. एकेक क्रोसाँ आडवा चिरला, पाकाचा हात फिरवला, सारण भरलं, वरून लावलं, काजूचे तुकडे दाबले. मोरपंखी साडीवर पिठाचा हात उमटला, तिकडे तिने बघितलंही नाही. तिचे हात शांत होते. मला तिने कशालाही हात लावू दिला नाही.

ओव्हनमधून जायफळ आणि भाजलेल्या काजूचा वास येऊ लागला तेव्हा अकराला दहा कमी होते. पंक्चरवाला हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहिला. थोरला भाऊ आला, इस्त्रीचा सदरा घालून, आणि स्टुलावर बसला.

"झाला का तयार निकाल?"

मी म्हटलं, "दादा, आज नको." माझा आवाज ऐकून तो खरोखरच गप्प बसला.

मॅडम कर्जत स्टेशनवरून रिक्षाने आल्या. केस सगळे पांढरे झालेले, हातात काठी. उतरल्या त्या आधी बोर्डाकडे बघत राहिल्या. मराठी वाचता येत नाही त्यांना, रिक्षावाल्याने वाचून दाखवलं. मग आत येऊन त्यांनी माझ्या बायकोचे दोन्ही गाल चुंबले. पंक्चरवाला दुसरीकडे बघू लागला. भाऊ स्टुलावरून उठला, मॅडम बसल्या, काठी भिंतीला लावली आणि म्हणाल्या, "क्रोसाँ."

बायको म्हणाली, "क्रोसाँ आज नहीं हैं, मॅडम."

मला वाटलं होतं, ती काजूचे पुढे करेल आणि आजचा खास पदार्थ म्हणून सांगेल. कुणाला काही कळलं नसतं. पण तिने बाजूला राखून ठेवलेला एक मऊ क्रोसाँ बशीत घालून मॅडमसमोर ठेवला, शेजारी माझा ओला पंचा ठेवला, आणि सांगितलं, "मेरे आदमी ने भाकरी के जैसा ढक दिया. धूल आती थी."

मॅडमनी पंचा हातात घेतला. क्रोसाँ घेतला. तो लोंबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी मान खाली घातली. मग त्यांनी तो क्रोसाँ हळूच उघडला आणि चष्मा कपाळावर सरकवून आतले पापुद्रे बघू लागल्या. नखाने एकेक सोडवत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "यह अच्छा था." बशी बाजूला सारली आणि परत म्हणाल्या, "सुबह बहुत अच्छा था."

मग बायकोने काजूचा पुढे ठेवला. गरम होता. मॅडमनी एक घास घेतला, थांबल्या, वास घेतला. दुसरा घास घेतला. मग अख्खा संपवला आणि बोट ओलं करून बशीतले कण टिपले. 'हाँ' नाही की 'नहीं' नाही. माझा धीर सुटला. मी पुढे होऊन म्हटलं, "मॅडम, बोर्ड..."

"थांबा," बायको म्हणाली. "इचारू नका."

"अगं, पण तूच म्हणालेलीस..."

"मीच म्हनालेली. आता मीच सांगते. बोर्ड र्‍हानार हाय." मग मॅडमकडे वळून तिने तेच हिंदीत सांगितलं, सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून. "ऊपर फ्रेंच लिखा है. वो रहेगा, मॅडम."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "मेरे को पूछना नहीं?"

"नहीं."

आणि मग त्या बाई हसल्या. आधीच्या चार वर्षांत मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. काठीवर दोन्ही हात ठेवून, मान हलवत त्या म्हणाल्या, "हाँ."

मी भावाच्या खांद्यावर हात टाकला, आणि त्याने तो झटकला नाही. मला ह्या बाईचा नवरा असण्याचा अभिमान वाटला, आणि त्या दिवशी मी तो तिला तोंडाने सांगितला, सगळ्यांच्या देखत. ती म्हणाली, "पंचा धुऊन वाळत घाला आदी."

मॅडम दुपारपर्यंत बसल्या. जाताना सहा काजूचे बांधून घेतले. जायफळ किती घातलं हे विचारून कागदावर लिहून घेतलं. माझी बायको त्यांना माप सांगत होती आणि त्या लिहीत होत्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बायको अजून म्हणते, मॅडम आयुष्यात तीनदा 'हाँ' म्हणाल्या. हे चौथं ती धरत नाही, कारण तिने ते मागितलेलं नव्हतं. मी चार मोजतो.

दुसऱ्याच दिवशी माळ्यावरचा रंग काढला आणि बोर्डाला हात मारला. 'फ्रें' पहिल्यापेक्षा जरा ठसठशीत काढला. खाली स्टूल धरायला थोरला भाऊ होता. टोपलीला हात लावायची मला आता कायमची बंदी आहे. काजूचा क्रोसाँ मात्र दर शनिवारी असतो. त्यासाठी बायको आदल्या दिवशीचे क्रोसाँ मुद्दाम झाकून ठेवते, ओल्या पंच्यात, परातीखाली.

मागच्या महिन्यात भावाचे व्याही पनवेलहून आले होते. भाऊ त्यांना घेऊन दुकानात आला, त्यांना खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः न विचारता चार काजूचे मागवले. व्याह्यांनी वर बोर्ड वाचला, मिशीत हसले आणि म्हणाले, "काय पावनं, हे फ्रान्स कुठशी आलं?"

मी वाटच बघत होतो, आता हा माझ्याकडे बघून डोळा घालणार. पण भावाने टॉवेल खांद्यावर नीट केला.

"खालापूर तालुक्यात," तो म्हणाला. "खावा आदी, मंग बोला."